दवाखान्यातली सफरचंदे

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी आमच्या आईला सहा दिवस दवाखान्यात ठेवावे लागले. भेटायला जो जो आला तो हातात पिशवी घेऊनच आला, आणि प्रत्येक पिशवीत सफरचंदे. आपल्याकडे सफरचंद हे आजाऱ्याचे फळ. आमच्या लहानपणी वस्तीत बोरे, चिंचा, पेरू, सीताफळे पोटभर खाल्ली; पण धडधाकट माणसाने सफरचंद विकत घेऊन खाल्ल्याचे काही आठवत नाही. ते खाटेवर पडल्यावरच वाट्याला यायचे.

आईला दिवसाकाठी अर्धी फोड जायची. घरी आलो तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटूनही तीन किलो उरली, आणि त्यातली बरीच मऊ पडलेली. फेकायची कशी? माणसांनी रोजगार बुडवून, बसचे तिकीट काढून आणलेली वस्तू ती. लेकरांच्या आईने त्यांचा गर शिजवून, साखर घालून दोन जुन्या लोणच्याच्या बरण्यांत भरला. पंधरवड्याने झाकण काढले तर वर हिरवट बुरशी. शेजारच्या एक आजी म्हणाल्या, "वरचं काढून टाका अन् खालचं खा, काय होत नाही." आम्ही सगळेच्या सगळे टाकून दिले. मन फार खट्टू झाले. पण चूक कुठे झाली ते शोधायचे ठरवले. आज लिहितो आहोत ते त्या शोधातूनच.

या पदार्थाला इंग्रजीत अॅपल बटर म्हणतात. नावात लोणी असले तरी त्यात दुधाचा थेंबही नसतो. गर इतका आटवायचा की तो लोण्यासारखा भाकरीवर पसरला पाहिजे, म्हणून हे नाव. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाकडे जर्मन वंशाचे शेतकरी तो तांब्याच्या मोठ्या कढयांत अंगणात शिजवत. सारे घर आळीपाळीने ढवळायला उभे. आपल्याकडे पुरण घोटताना होते तसेच. जॅमला फळाच्या बरोबरीने किंवा जास्तच साखर लागते. इथे फळ आटवूनच घट्ट करायचे, म्हणून साखर थोडी पुरते. मात्र साखर कमी म्हणजे टिकाऊपणाही कमी, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते.

आता फळांविषयी. हिमाचलातल्या कोटगढ भागात सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकेहून येऊन इथेच राहिलेल्या गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास लाल सफरचंदाची कलमे लावली आणि तिथून ती बागायत वाढली. काश्मीरची सफरचंदे तर जुनीच. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत या दोन्हीकडचा माल उतरतो आणि हिंगोलीच्या गाड्यावरही भाव खाली येतो. एवढ्या लांबच्या ट्रकप्रवासात फळे दबतात, डागतात. संध्याकाळी गाडा आवरताना तीच निम्म्या भावात मिळतात, आणि आपण तीच घेतो. घ्यावीतच. पण दबलेले फळ वेगळे आणि सडलेले वेगळे. दबलेल्या जागी गर तांबूस होतो, वास गोडच राहतो. तेवढा भाग कापला की काम झाले. ज्याला बुरशी धरली, आत काळपट पाणी सुटले, दारूसारखा वास आला, ते फळ फुकट मिळाले तरी घेऊ नये. सडक्या सफरचंदात बुरशीमुळे पॅट्युलिन नावाचे विष तयार होते आणि ते उकळूनही पूर्ण जात नाही. जागतिक मानकांनी सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. "शिजवलं की सगळं शुद्ध होतं" ही समजूत आपल्या घरांतून निघाली पाहिजे. हलका माल गरिबाच्याच पदरात पडतो; तो पोटात किती जाऊ द्यायचा हे तरी आपल्या हाती आहे.

दुसऱ्या खेपेला आम्ही केले ते असे. तीन किलो सफरचंदे धुऊन, बिया व मधला कडक भाग काढून फोडी केल्या. साल ठेवली, कारण घट्टपणा आणणारे पेक्टिन सालीत व सालीजवळ जास्त असते. दोन पेले पाण्यात झाकण ठेवून मऊ शिजवले आणि पुरणयंत्रातून काढले. मग रुंद, जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात हा गर, ६०० ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस, दालचिनीचे दोन तुकडे व चार लवंगा. अॅल्युमिनियमचे किंवा कल्हई गेलेले पितळेचे पातेले नको. आंबट गर ते खातो. मंद आचेवर दोन-अडीच तास. शेवटी शेवटी तो फटफट उडतो आणि हाताला चटके बसतात, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्यावा आणि लेकरांना लांब ठेवावे. थंड ताटलीत चमचाभर टाकला आणि कडेने पाणी सुटले नाही, की झाला.

खरी परीक्षा इथून पुढे. काचेच्या पावशेरी बरण्या नव्या घेतल्या, झाकणे आतून रबरी कडेची. पहिल्या वेळी जुन्या झाकणाचे रबर झिजलेले होते आणि गर कोमट झाल्यावर भरला होता. बुरशीला दोन्ही वाटा मोकळ्याच! या वेळी बरण्या दहा मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवून गरम असतानाच उकळता गर भरला, वर पाव इंच जागा सोडली, तोंडाची कड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसली आणि झाकण लावले. मग मोठ्या पातेल्याच्या बुडाशी जाड कापड घालून बरण्या उभ्या केल्या, झाकणांवर इंचभर गरम पाणी आणि खळखळ उकळी आल्यापासून दहा मिनिटे. बाहेर काढून रात्रभर हलवल्या नाहीत. सकाळी झाकणाचा मध्य आत ओढलेला दिसला पाहिजे. पाचांपैकी एका बरणीचा दिसला नाही. ती त्याच आठवड्यात खाऊन संपवली.

ही युक्ती फ्रान्सच्या निकोला अपेर या मिठाईवाल्याची. शिकलेला शास्त्रज्ञ नव्हे, हाताने काम करणारा माणूस. बाटलीत अन्न बंद करून उकळले की टिकते हे त्याने वर्षानुवर्षे करून पाहिले आणि १८१० मध्ये सरकारकडून १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळवले. असे का होते ते त्यालाही ठाऊक नव्हते. सूक्ष्म जंतूंचे कारण पुढे पाश्चरने दाखवले. अपेर १८४१ मध्ये गरिबीतच वारला.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. ही रीत आंबट फळासाठी आहे. हवाबंद बरणीत वाढणारा बोट्युलिनमचा जंतू आंबट पदार्थात वाढत नाही, म्हणून नुसते उकळते पाणी पुरते. पपईत तेवढी आंबट नसते, भाज्यांत तर नसतेच. ह्याच रीतीने पपईचा गर किंवा भाजी बरणीत बंद करून ठेवू नये.

हिशोब पाहण्याची आम्हा कारकुनांना खोडच. सफरचंदे १५० रुपये, साखर २७, लिंबे ८, मसाला १०, गॅस अंदाजे २०, एकूण २१५. बरण्यांचे ७५ वेगळे, पण बरण्या पुन्हा वापरता येतात, झाकणे तेवढी नवी. हाती आला सव्वा किलो. आपल्या बचत गटांतील भगिनींनी विकायचा विचार केला तर अन्नसुरक्षा कायदा, २००६ प्रमाणे नोंदणी आधी करावी. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्राचे महाविद्यालय आहे. तिथल्या जाणकारांना एकदा विचारूनच चूल पेटवावी.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी लहान बरण्याच भराव्यात. उघडली की दोन-तीन दिवसांत संपली पाहिजे, आणि ओला चमचा आत नको. आमच्या घरी ती भीती उरली नाही. लेकरे शाळेत जाताना पोळीला लावून नेतात आणि बरणी दुसऱ्या दिवशीच रिकामी होते. आई मात्र त्याला अजून "दवाखान्याचा मुरंबा" म्हणते आणि सकाळच्या भाकरीबरोबर मागून घेते.