धान्याशिवाय वॅफल : आपल्या चुलीवर, आपल्या पिठाचे



एका भगिनीचे पत्र समोर आहे. तिच्या सात वर्षांच्या मुलाला गव्हाचा विकार असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. दोन वर्षे पोराचे पोट फुगायचे, जुलाब व्हायचे, वजन काट्यावर हलायचे नाही. गहू बंद केल्यावर पोरगा अंगाने भरू लागला. पण सुट्टीत शहरातल्या काकांकडे गेला असताना भावंडे जाळीदार चौकोनी वॅफल खात होती आणि हा नुसता बघत बसला. ताई विचारतात, "असला पदार्थ गव्हाशिवाय घरी होतो का? आणि सासूबाई म्हणतात, एका घासाने काय होते. त्यांना काय सांगू?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. होतो, आणि चांगला होतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र आधी दिले पाहिजे, कारण त्यावर लेकराची प्रकृती अवलंबून आहे.

एका घासाने काय होते?

गव्हात ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली की ती लवचिक होते, पोळी फाटत नाही, ती या ग्लुटेनमुळे. बहुतेकांना ते पचते. परंतु सीलिॲक या विकारात शरीर ग्लुटेनला शत्रू समजते आणि त्या भांडणात आतड्याच्या आतले मखमलीसारखे अस्तर झडते. अन्नातला कस शोषून घेण्याचे काम हेच अस्तर करते. ते झडले की खाल्लेले अंगी लागत नाही. मूल खुरटते, रक्त कमी होते, हाडे कच्ची राहतात.

यावर गोळी किंवा इंजेक्शन नाही. ग्लुटेन जन्मभर वर्ज्य करणे हाच उपाय. सासूबाईंची माया खरी आहे, नातवाच्या ताटात पोळी नाही याचे त्यांना वाईट वाटते. त्यांना एवढेच सांगा की, आत्या, शेताला बांध घालायचा आणि एका जागी फट ठेवायची, तर पाणी त्याच फटीतून जाते. घास लहान असला तरी अस्तर पुन्हा बिघडते, आणि वरून ते दिसतही नाही.

दोन गोष्टी सर्वांसाठी. घरात कोणाला असा त्रास असल्याचा संशय असेल तर रक्ताची तपासणी होण्याआधी गहू बंद करू नका. बंद केल्यावर तपासणीत विकार लपून राहू शकतो. आणि एका मुलाला हा विकार निघाला तर त्याच्या भावंडांची व आईवडिलांचीही तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्या, कारण तो घराण्यात चालतो.

सगळे धान्य सोडायचे का?

मुळीच नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांत गव्हासारखे ग्लुटेन नाही. या विकाराच्या मुलाला भाकरी चालते. वर्ज्य आहेत ते गहू आणि सातू म्हणजे जव, व त्यांचे सर्व पदार्थ : रवा, मैदा, शेवया, कुरडया, पाव, बिस्किटे. बाजारचा हिंगही बघून घ्या. बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते.

मग आज धान्याशिवायचे वॅफल कशासाठी? एक तर राजगिरा, शिंगाडा, रताळे यांचे पीठ उपवासाला चालते. एकादशीला सासूबाईंनाही तेच आणि नातवालाही तेच. घरात एकाचे ताट वेगळे पडले की लेकराच्या मनाला लागते. सर्वांनी एकच खाल्ले तर त्याला आपण आजारी आहोत असे वाटत नाही. दुसरे म्हणजे राजगिऱ्याचा कस चांगला. त्यात शेकडा तेरा-चौदा प्रथिने असतात, आणि गव्हात जे लायसिन कमी पडते ते यात भरपूर असते.

भगर उपवासाला चालते म्हणून ती धान्य नव्हे असा समज आहे. वास्तविक भगर ही गवताच्या कुळातली, म्हणजे तृणधान्यच. राजगिरा मात्र गवतकुळातला नाही, तो माठाच्या कुळातला. शिंगाडा हे पाण्यातल्या वेलीचे फळ. ग्लुटेन भगरीतही नाही, ती मुलाला चालेल. परंतु ओल लागलेली, कुबट वासाची, दळून फार दिवस ठेवलेली भगर कोणीच खाऊ नये. बुरशीच्या विषाने अशा भगरीतून अनेकांना एकदम बाधा होते.

आणखी एक सांगतो. धान्याशिवाय म्हणजे मधुमेहाला निर्धोक, असे समजू नका. राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांतल्या पिठूळ भागानेही रक्तातली साखर चढते. घरात मधुमेही असतील तर त्यांनी एकावर थांबावे.

साचा

वॅफल म्हणजे दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये भाजलेले घावन. पाट्यांना चौकोनी खळगे असतात, त्यामुळे जाळी उठते. शहरात विजेवरचे साचे मिळतात, पण हा पदार्थ मुळात विस्तवावरचा. युरोपात लांब दांड्याचे साचे चुलीत धरून तो शेकडो वर्षे करीत आले. १८६९ साली अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी चुलीवर ठेवून उलटता येणाऱ्या साच्याचे पेटंट घेतले. तेव्हा वीज नाही म्हणून अडून राहू नका.

बिडाचा किंवा ॲल्युमिनियमचा दांड्याचा साचा मिळाला तर उत्तम. बिडाचा नवा साचा धुऊन, कोरडा करून, तेलाचा हात फिरवून तापवावा, असे दोन-तीन वेळा करावे, म्हणजे पीठ चिकटत नाही. साचा नसेल तर बिडाच्या आप्पेपात्रात हेच पीठ घाला. जाळी उठणार नाही, पण चव आणि कुरकुरीतपणा तोच. सीलिॲकच्या मुलासाठी साचा नवा घ्यावा. मैद्याचे वॅफल केलेल्या साच्याच्या खळग्यांत मैदा अडकून राहतो.

साहित्य (मध्यम आकाराचे सुमारे आठ)

राजगिऱ्याचे पीठ २ वाट्या, शिंगाड्याचे पीठ १ वाटी, भाजलेल्या शेंगदाण्याचे बारीक कूट अर्धी वाटी, उकडून कुस्करलेले मध्यम रताळे १, ताजे दही १ वाटी, अंडी २, पातळ केलेले तूप ३ मोठे चमचे, किसलेला गूळ २ मोठे चमचे, खायचा सोडा अर्धा चहाचा चमचा, जिरे व मीठ चवीपुरते, पाणी लागेल तसे.

अंडे चालत नसेल तर २ मोठे चमचे जवसाची पूड ६ चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवा. ती बुळबुळीत होते आणि अंड्यासारखेच पीठ धरून ठेवते. उपवासाला जवस किंवा सोडा चालत नसेल त्या घरी रताळी दोन घ्यावीत. वॅफल थोडे दडस होईल, पण तुटणार नाही.

कृती

१. रताळे, दही, गूळ व अंडी (किंवा भिजवलेले जवस) एकत्र घोटावे. गुठळी राहू देऊ नये.

२. त्यात दोन्ही पिठे, कूट, जिरे, मीठ घालून पाण्याने सारखे करावे. पीठ इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल, घावनाच्या पिठापेक्षा दाट असावे. पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. राजगिरा पाणी हळू पितो. पीठ आळले तर दोन चमचे पाणी आणखी घालावे.

३. साचा दोन्ही बाजूंनी चांगला तापवावा. चुलीवर जाळाऐवजी निखारे वापरावेत, म्हणजे धुरकट वास लागत नाही. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो नाचत उडाला की साचा तयार झाला.

४. आता, अगदी शेवटी, पिठात तूप व सोडा घालून एकदाच ढवळावे. सोडा आणि दह्याची आंबट यांतून वायू सुटतो, त्याने वॅफल हलके होते. सोडा आधी घातला तर वायू निघून जातो.

५. साच्याला तूप लावून मधोमध पळीभर पीठ घालावे व साचा मिटावा. दोन-अडीच मिनिटांनी उलटावा, पुन्हा तितकाच वेळ ठेवावा. कडेने वाफ येणे थांबेपर्यंत उघडू नये. वाफ येते तोवर आत ओल असते, आणि घाईने उघडले तर वॅफल वरच्या-खालच्या पाटीला अर्धे-अर्धे चिकटते. धान्याशिवायचे पीठ गव्हापेक्षा नाजूक, म्हणून हा धीर महत्त्वाचा.

६. काढलेले वॅफल ताटात एकावर एक ठेवू नये, वाफेने मऊ पडतात. चाळणीवर किंवा जाळीवर पसरावे.

प्रत्येक जिन्नसाचे काम निराळे आहे. राजगिरा कस देतो, शिंगाडा कुरकुरीतपणा आणतो, शेंगदाणा खुसखुशीतपणा देतो, रताळे व अंडे मिळून ग्लुटेनची उणीव भरून काढतात. म्हणून एखादा जिन्नस वगळलात तर त्याचे काम दुसरा कोण करणार याचा विचार करून वगळा.

तूप-गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी, केळे, जे घरात असेल त्याबरोबर द्यावे. शाळेच्या डब्यासाठी निववून भरावे. शिळे झाले तर कोरड्या तव्यावर शेकले की पुन्हा कुरकुरीत होते.

शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट, कडू दाणे काढून टाका. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजण्याने जात नाही.

गिरणीतली मेख

पीठ घरात गव्हाशिवायचे आणि दळून आणले गावच्या गिरणीतून, तर सगळी मेहनत वाया. पाळूच्या टाक्यांत, डब्यात, पिशवीत आधीच्या गव्हाचे पीठ असते. राजगिऱ्याचा पायलीभर दाणा दळला तरी त्यात ते मिसळते. आरोग्याची बाब नसलेल्या घरी याने बिघडत नाही, पण या मुलाला बिघडते.

तेव्हा राजगिरा स्वच्छ करून, हलका भाजून घरच्या मिक्सरवर दळा, किंवा एखादे जाते त्यासाठीच राखा. वाळले शिंगाडे दगडासारखे असतात, आधी खलबत्त्यात फोडून घ्या. चाळणी, डबा, पळी वेगळी ठेवा आणि डब्यावर खूण करा, म्हणजे पाहुण्याच्या हातून चूक होणार नाही. त्याच्या ज्वारी-बाजरीच्या पिठालाही हाच नियम. तयार पीठ विकत घेताना वेष्टनावर ग्लुटेनमुक्त असे छापलेले पाहा. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे असा शिक्का मारायचा तर एक किलो मालात २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लुटेन चालत नाही.

घरचा राजगिरा

शेतकऱ्याच्या घरात राजगिरा विकत का आणावा? रब्बीत एक गुंठा राखा. त्याला साधारण २० ग्रॅम बी पुरते. बी बारीक, म्हणून वाळूत मिसळून, ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरच्या सुरुवातीस ४५ सेंटिमीटर अंतराच्या ओळींत उथळ पेरा. खोल गेले तर उगवत नाही. रोपे वितीएवढी झाली की दोन रोपांत १५ सेंटिमीटर ठेवून विरळणी करा. उपटलेल्या रोपांची पालेभाजी होते. साधारण चार महिन्यांत कणसे पिवळी पडतात, खालची पाने गळतात. तेव्हा उशीर करू नका, दाणा झडतो. जमीन-पाणी बरे असेल तर आठ-दहा किलो दाणा मिळावा.

शेवटचे, पण विसरू नये असे : राजगिरा गव्हाच्या खळ्यावर झोडू नका आणि गहू काढलेल्या मळणीयंत्रात घालू नका. वेगळ्या ताडपत्रीवर काठीने झोडा, नव्या किंवा धुतलेल्या पोत्यात भरा. गव्हाचा दाणा एकदा राजगिऱ्यात पडला की निवडता येतो. त्याचा भुसा आणि पीठ मात्र निवडता येत नाही.