गोष्टीतल्या वाघाचे दात काढू नका

बालवाडीच्या वयातील मुलांना जुन्या गोष्टी जशाच्या तशा सांगाव्यात, की त्यांतील भय, मृत्यू आणि शिक्षा वगळून त्या सौम्य कराव्यात, हा प्रश्न आज अनेक सुशिक्षित घरांत विचारला जातो. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यासारख्या वस्तीत आई-वडील दोघेही नोकरीला जातात, आजी गावाकडे असते. मग गोष्ट रंगीत पुस्तकातून येते किंवा मोबाइलच्या पडद्यावरून. त्यातली म्हातारी भोपळ्यात बसते खरी, पण सौम्य केलेल्या वाघाला तिला खायचेच नसते. मग ती भोपळ्यात लपली कशासाठी? मुलाच्या या प्रश्नाला उत्तर उरत नाही.

सौम्यतेचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नाही. सहा वर्षांखालील मुलाला कल्पित आणि वास्तव यांतील भेद नीट कळत नाही, म्हणून मारिया माँटेसरी यांनी परीकथांविषयी सावधगिरीच सुचवली होती. परंतु त्यांचीच पद्धती आपल्याकडे रुजवणारे गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात लोककथांना मानाचे स्थान दिले. परदेशी पद्धती स्वीकारतानाही आपल्या मातीतील गोष्ट टाकून द्यावी, असे त्यांना वाटले नाही.

‘मूळ’ म्हणजे तरी काय? जर्मनीत ग्रिम बंधूंचा संग्रह १८१२ साली निघाला. त्यात हिमगौरीचा जीव घेऊ पाहणारी तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. मात्र तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचण्याची तिची शिक्षा ग्रिमांनी अखेरपर्यंत कायम ठेवली. ती गेली १९३७ च्या डिस्ने चित्रपटात. म्हणजे गोष्टी नेहमीच बदलत आल्या आहेत. खरा प्रश्न आहे तो काय बदलावे आणि काय बदलू नये, हा.

याचे उत्तर पंचतंत्रातील मुंगसाच्या कथेत सापडते. बाळाला सापापासून वाचवणाऱ्या मुंगसाचे रक्ताळलेले तोंड पाहून आई त्यालाच ठार करते. आत आल्यावर दिसते ते खेळणारे बाळ आणि मेलेला साप. विष्णुशर्म्याने ही कथा ‘अपरीक्षितकारक’ या तंत्रात घातली, कारण अविचाराने केलेले कृत्य मागे घेता येत नाही, हेच तिचे सार आहे. मुंगूस केवळ जखमी होऊन बरे झाले, असे सांगितले की कथा गोड होते आणि सारच हरवते. मुलाला कळते ते एवढेच, की कसेही वागले तरी शेवटी सारे ठीक होते. हा संस्कार घातक आहे.

याचा अर्थ रक्तमांसाचे रसभरित वर्णन करावे, असा नव्हे. गारखेड्याहून तीसेक किलोमीटरवरील वेरूळच्या पंधराव्या, दशावतार लेण्यात नरसिंहाने हिरण्यकशिपूला गाठल्याचा क्षण कोरला आहे. पुढे काय होणार, हे पाहणाऱ्याला उमगते; पोट फाडल्याचे दृश्य मात्र शिल्पकाराने तिथे दाखवलेले नाही. न्याय पूर्ण आहे, भय खरे आहे, बीभत्सता नाही. लहानग्यांना गोष्ट सांगणाऱ्याने हाच विवेक बाळगावा. तपशील आवरावा, परिणाम झाकू नये.

शिवाय जुने ते सारे वंदनीय, असेही नाही. प्रत्येक सावत्र आईला दुष्ट ठरवणारी कथा, अशा घरात वाढणाऱ्या मुलापुढे विचार करूनच सांगावी. वयाचेही भान हवे. तीन वर्षांच्या मुलाला चिऊ-काऊ पुरे. मुंगसाची कथा पाच-सहा वर्षांपर्यंत थांबू शकते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सांगणारे माणूस. मूल घाबरले की आजी आवाज उतरवते, त्याला कुशीत ओढते, वाघाला घटकाभर झोपवते. पडद्याला मुलाचा चेहरा दिसत नाही. एरवीही भय मुलाला भेटणारच आहे. अंधारात, शाळेच्या पहिल्या दिवशी, घरातील एखाद्या मृत्यूच्या वेळी. त्याची पहिली ओळख आपल्या माणसाच्या मांडीवर व्हावी, यासाठी तर गोष्ट असते. तेव्हा पालकांनी आवृत्ती निवडण्याआधी रोजची पंधरा मिनिटे काढावीत. वाघाचे दात शाबूत ठेवावेत आणि मुलाचा हात आपल्या हाती धरावा.