बोनमॅरोची काच रत्नागिरीतच वाचली जावी

पोस्ट जरा मोठी आहे, पण आपल्याच जिल्ह्याची आहे.

रक्ताच्या रिपोर्टात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असं तिन्ही कमी आलं की घरात पहिला शब्द निघतो 'कॅन्सर'. असूही शकतो. पण हाडातल्या मज्जेने पेशी बनवणंच सोडलेलं असू शकतं, किंवा नुसती बी-१२ ची कमतरता असते, जी साध्या, स्वस्त इंजेक्शनांनी भरून येते. यातलं नेमकं कुठलं, ते बऱ्याचदा मज्जा पाहिल्यावरच ठरतं.

तपासणी तशी जुनीच. कंबरेच्या मागच्या हाडाजवळ बधिर करून सुईने थोडी मज्जा ओढतात. ती पटकन गोठते, म्हणून तिथल्या तिथे काचेवर पसरवायची. मग स्टेन करून मायक्रोस्कोपखाली साधारण ५०० पेशी मोजायच्या. ब्लास्ट म्हणजे अगदी कच्च्या पेशी. त्या ५ टक्क्यांच्या आत असल्या तर ठीक, २० टक्के किंवा वर गेल्या की ॲक्यूट ल्युकेमिया. हे मोजायला मोठं मशीन लागत नाही, सरावलेली नजर लागते.

ही नजर जवळ नसली की काचा नाहीतर पेशंट, दोघांपैकी एकाला मुंबई-कोल्हापूर गाठावं लागतं. मी लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे काचांचं काय होतं ते रोज बघतो. पावसाळ्यात आपल्या दमट हवेत स्मिअर नीट सुकत नाही, पेशी बिघडतात. कुणी काचा आणि फॉर्मेलिनची बाटली एकाच पिशवीत घालतं, मग त्या वाफेने स्टेनच धड बसत नाही. आणि पेशंटला पुन्हा सुई! त्यात कुणी घाईने आधीच बी-१२ टोचलं असेल तर एक-दोन दिवसांत मज्जेतलं चित्र बदलायला लागतं आणि वाचणारा गोंधळतो.

गंमत बघा. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स मुंबईत आल्या, त्या गिरणी कामगार बायकांचा गरोदरपणातला ॲनिमिया शोधायला. यीस्टच्या अर्काने बायका सुधारतात हे त्यांनी १९३१ मध्ये छापलं. त्यातलं औषध म्हणजे पुढे सापडलेलं फॉलिक ॲसिड. फॉलिक कमी पडलं तरी मज्जा बी-१२ च्या कमतरतेसारखीच दिसते. त्या गिरण्यांत रत्नागिरीची माणसं किती होती, ते तुम्हाला सांगायला नको.

डेरवणचं कॉलेज चिपळूणकरांना जवळ, पण राजापूर-लांज्याच्या माणसाने काय करायचं? रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे. पॅथॉलॉजी विभागाशिवाय मेडिकल कॉलेज होत नाही. क्रोमोसोमच्या वगैरे तपासण्या मुंबईला जाऊ देत, कबूल आहे. पण पहिली काच इथे वाचली जावी, दोन-तीन दिवसांत तोंडी तरी रिपोर्ट मिळावा आणि बोनमॅरो कुठल्या वारी करतात त्याचा बोर्ड ओपीडीबाहेर लागावा. आमदार, पालकमंत्री इमारतींची उद्घाटनं करतात, त्यांना पुढच्या वेळी एवढंच विचारा: बोनमॅरो कुठल्या वारी?