एपीएस टेस्ट : एकच पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे!

वारंवार गर्भपात, ऐन तिशीत पायाच्या शिरेत गुठळी किंवा पक्षाघात. अशा वेळी डॉक्टर 'अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम' म्हणजेच एपीएसची तपासणी सांगतात. या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच गुठळ्यांना कारण ठरणाऱ्या अँटिबॉडी तयार करते.

चाचण्या तीन : ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१. विरोधाभास असा की, पहिल्या चाचणीत नळीतलं रक्त उशिरा गोठतं, शरीरात मात्र गुठळ्या होतात. हेपॅरिन, वॉरफरिनसारखी औषधं सुरू असतील तर हा निकाल चुकू शकतो. एखाद्या संसर्गानंतरही या अँटिबॉडी काही काळ दिसू शकतात. म्हणूनच किमान १२ आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी, असं २००६ चे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.

ही फेरतपासणी टाळली तर खर्च वाचेल, पण आजार नसतानाही वर्षानुवर्षं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे लॅबने नमुना घेतानाच सुरू असलेली औषधं विचारायला हवीत आणि पॉझिटिव्ह रिपोर्टवर '१२ आठवड्यांनी पुन्हा तपासा' असं ठळक छापायला हवं. तोवर डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.