यथाशक्ती

दुकानाची कीर्द-खतावणी नुकताच सांभाळू लागलेला बावीस वर्षांचा मुलगा एका संध्याकाळी घरात सांगतो, ‘पांजरपोळातील जनावरांच्या चाऱ्यासाठी निधी जमवायचा आहे, त्यासाठी कोल्हापूरहून श्रवणबेळगोळपर्यंत सायकलने जाईन.’ आई महामार्गावरील ट्रकच्या विचाराने धास्तावते. आजोबा मात्र एवढेच विचारतात, ‘तयारी काय?’ अशा वेळी घरातून विचारला जावा असा हाच खरा प्रश्न होय.

बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग या मार्गाने हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर भरते. दररोज १०० किलोमीटर धरल्यास सहा दिवस लागतात. केवळ उत्साहाच्या बळावर ते पार पडत नाही. बारा आठवडे आधी २० किलोमीटरपासून आरंभ करावा, अंतर हळूहळू वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यास शरीराला विसावा द्यावा. शेवटी सलग दोन दिवस ८० किलोमीटर चालवून पाहावे. कारण खरी कसोटी पहिल्या दिवशी नसून, थकलेले पाय दुसऱ्या सकाळी पुन्हा पॅडलवर ठेवताना लागते.

निघण्याचा काळही विचारपूर्वक ठरवावा. साधू-साध्वींचा विहार चातुर्मास संपल्यावर सुरू होतो. श्रावकाच्या या प्रवासासही मार्गशीर्षच योग्य. पाऊस ओसरलेला असतो आणि ओल्या रस्त्यावरील जीवजंतूही कमी झालेले असतात. मात्र दिवस लहान असतात. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्याने उजाडताच निघून दुपारी तीनपर्यंत मुक्काम गाठावा, म्हणजे सूर्यास्तापूर्वी पोटभर जेवण व पुरेसे पाणी घेण्यास अवकाश मिळतो. वाटेसाठी खजूर, शेंगदाण्याची चिक्की, खाकरे आणि लिंबू-मीठ-साखरेचे गाळलेल्या पाण्यातील सरबत पुरेसे होते. खेळाडूंसाठी विकल्या जाणाऱ्या चघळण्याच्या गोळ्यांत जिलेटिन असू शकते. वेष्टन वाचल्यावाचून त्या घेऊ नयेत. सीट व हातमोजे चामड्याचे नसावेत. जादा ट्यूब, हवेचा पंप, पंक्चरचे साहित्य, हेल्मेट आणि मागचा लाल दिवा यांत काटकसर करू नये.

व्यापारी घराला हिशेबाचे महत्त्व सांगणे नलगे. तरीही निवासाचा, भोजनाचा व दुरुस्तीचा खर्च जमलेल्या निधीतून वळता करण्याचा मोह होतो. तो खर्च स्वतःच्या मिळकतीतून करावा. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जावी आणि पावतीही संस्थेनेच द्यावी. २००० रुपयांवरील रोख देणगीस प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, हेही दात्यास आधीच सांगावे.

याहून सूक्ष्म गोष्ट निराळीच आहे. कित्येकदा दाते ‘किलोमीटरमागे इतके रुपये’ असे वचन देतात. चौथ्या दिवशी गुडघा सुजला, तर तरुणापुढे पेच पडतो: थांबावे तर जनावरांचा चारा कमी होणार, आणि पुढे जावे तर सांध्याची कायमची हानी होणार. शिवाय गावात ‘पोहोचला नाही’ असे म्हटले जाईल, ही भीती असतेच. त्या भीतीला आपल्या परंपरेत नाव आहे: मानकषाय. म्हणून निघण्यापूर्वीच दात्यांकडून ठरवून घ्यावे, की प्रवास पूर्ण होवो वा न होवो, ठरलेली रक्कम पोहोचेल. तत्त्वार्थसूत्रात तीर्थंकर-नामकर्माची जी सोळा कारणे सांगितली आहेत, त्यांत त्याग आणि तप यांचा समावेश आहे. परंतु दोन्ही शक्तीनुसार. शक्ती ओळखणे हादेखील साधनेचाच भाग आहे.

असे वचन घेऊन निघालेला मुलगा चित्रदुर्गाहून एसटीने परतला, तरी घराने त्याचे तितक्याच आनंदाने स्वागत करावे. चारा पोहोचलेला असतो, आणि बारा आठवड्यांची पहाटेची शिस्त तर त्याच्याजवळ कायमची राहते.