मतदान टाळणारी लोकशाही

युक्रेनला मदत देण्याचा प्रश्न अमेरिकन काँग्रेसमध्ये सहा महिने रखडला, तेव्हा आपल्यातील काही मित्रांना समाधान वाटले होते. शस्त्रपुरवठा थांबला की युद्ध थांबेल, असा त्यांचा हिशेब. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

२० ऑक्टोबर २०२३ रोजी अध्यक्ष बायडेन यांनी सुमारे १०६ अब्ज डॉलरची मागणी मांडली. त्यांपैकी सुमारे ६१ अब्ज युक्रेनसाठी होते. रिपब्लिकनांनी आधी अमेरिकेच्या सीमाबंदोबस्ताची अट घातली आणि तशी तडजोड सिद्ध होताच ती झिडकारली. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सिनेटने ७० विरुद्ध २९ मतांनी मदतीचे विधेयक संमत केले. प्रतिनिधिगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांनी ते मतदानाला येऊच दिले नाही. चारच दिवसांनी, दारूगोळ्याच्या टंचाईने जेरीस आलेल्या युक्रेनी सैन्याला आवदीव्का सोडावे लागले. अखेर २० एप्रिलला सभागृहात युक्रेनच्या मदतीवर मतदान झाले, तेव्हा बाजूने ३११ आणि विरोधात ११२ मते पडली. विरोधातले सर्वच्या सर्व रिपब्लिकन होते. म्हणजे उणीव बहुमताची नव्हती. एका पक्षाच्या घरभांडणाने सभागृहाला ओलीस धरले होते.

युद्धखर्चाची कठोर चिकित्सा करणे हे विधिमंडळाचे कर्तव्यच आहे. या पैशाचा मोठा वाटा अमेरिकेतील शस्त्रास्त्र कारखान्यांकडेच जाणार होता, हे आपण ठणकावून सांगितले पाहिजे. गाझा बेचिराख होत असताना त्याच दिवशी इस्रायलसंबंधीचे सुमारे २६ अब्जांचे विधेयक ३६६ विरुद्ध ५८ मतांनी संमत झाले, याचा निषेधही केला पाहिजे. परंतु चिकित्सा म्हणजे चर्चा आणि त्यानंतर मतदान. 'नाही' म्हणणारे सभागृह आपल्या निर्णयाची जबाबदारी घेते. मतच न घेणारे सभागृह ती झटकून टाकते. १९४१ साली 'लेंड-लीज' विधेयकाला कडाडून विरोध झाला होता. तरीही जानेवारीत मांडलेल्या त्या विधेयकाचा ११ मार्चला कायदा झाला.

आता आपल्या मित्रांच्या हिशेबाकडे वळू. विलंबाने एकाच बाजूच्या तोफा थंडावल्या. मॉस्कोला कोणत्याही सभापतीची अनुज्ञा लागत नव्हती. अशा स्थितीत विलंबाचे स्वागत करणे म्हणजे शांततेची नव्हे, आक्रमकाची बाजू घेणे होय. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे हंगेरीत शिरले, तेव्हा दिल्ली चाचरत असतानाही जयप्रकाशजींनी स्पष्ट निषेध केला होता. अमेरिकेच्या साम्राज्यशाहीला विरोध करणाऱ्यांनी रशियाच्या आक्रमणापुढे गप्प बसावे, असे समाजवादाने आपल्याला कधीच शिकवलेले नाही.