केव्ह डायव्हिंग शिकायचंय? आधी शिकवणाऱ्याची परीक्षा घ्या

शिरूर आणि पारनेर तालुक्यांच्या हद्दीवर, टाकळी हाजी आणि निघोजच्या मधे, कुकडी नदीने काळ्या बसाल्टमध्ये रांजणखळगे कोरलेत. तिथे काठावर उभा राहिलेला माणूस एकदा तरी विचारतोच, ‘आत किती खोल असेल?’

आता हाच प्रश्न रील्समुळे पुढे गेलाय. मेक्सिकोतल्या पाण्याने भरलेल्या गुहांचे व्हिडिओ फोनवर येतात. रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत कामाला असलेली पोरं सुट्टीत मालवणला स्कूबा करून येतात आणि मग वाटतं, आपणही असं गुहेत जावं. जाता येतं. पण त्यासाठी प्रशिक्षक कसा निवडायचा, हे आधी समजून घेऊ.

स्कूबा केलंय, मग गुहा का नाही?

मालवणला वीस-पंचवीस मिनिटं पाण्याखाली नेतात, तो फक्त अनुभव असतो. तिथे सगळं तुमच्यासोबतचा माणूस सांभाळतो. रीतसर पहिला कोर्स म्हणजे ओपन वॉटर. त्यात 18 मीटर खोलीपर्यंतची परवानगी मिळते. महाराष्ट्रात हे शिकायचं तर तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे.

समुद्रात काही बिघडलं तर वर येता येतं. गुहेत डोक्यावर दगड असतो. जिथून आत गेलात, तिथूनच बाहेर यावं लागतं.

म्हणून शिक्षणाचे टप्पे आहेत. कॅव्हर्न म्हणजे गुहेचा तोंडाजवळचा भाग, जिथून दिवसाचा उजेड दिसत राहतो. पाडी या संस्थेच्या नियमानुसार पृष्ठभागापासून खोली आणि आतलं अंतर मिळून 40 मीटरच्या पुढे जायचं नाही. उजेड संपला की केव्ह सुरू होते आणि त्याचं प्रशिक्षण वेगळं असतं.

थायलंडमध्ये काय झालं होतं?

23 जून 2018 रोजी थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचा कोच अडकले. पाणी उपसण्याच्या कामात मदत करायला आपल्या पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही गेले होते. 10 जुलैपर्यंत सगळे 13 जण बाहेर आले. पण 6 जुलैला समन गुनान यांचा मृत्यू झाला. ते थाई नौदलाचे माजी सील कमांडो होते. आत हवेची नळकांडी ठेवून परतताना ते दगावले.

मुलांपर्यंत सगळ्यात आधी पोहोचले ते रिक स्टँटन आणि जॉन वोलान्थेन. एक निवृत्त अग्निशमन जवान, दुसरा आयटीवाला. दोघंही ब्रिटनच्या गुहांमध्ये वर्षानुवर्षं हौसेने डायव्हिंग करणारे. धाडस कमांडोंकडेही होतं. या दोघांकडे अशाच गढूळ, अरुंद गुहांचा सराव होता.

प्रशिक्षकाला हे विचारा

1. तुमचं इन्स्ट्रक्टर कार्ड नेमकं कशाचं? समुद्रात शिकवण्याचं कार्ड गुहेत चालत नाही. नंबर मागा आणि संस्थेच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या गुहांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेल्या पाट्या असतात. मेलेल्यांमध्ये समुद्रात शिकवणारे इन्स्ट्रक्टरही आहेत, असा इशारा त्यांवर असतो.

2. शिकवण्याव्यतिरिक्त स्वतः गुहेत शेवटचं कधी गेलात? उत्तरात गुहेचं नाव आणि तारीख असली पाहिजे.

3. एका वेळी किती विद्यार्थी? तीनपेक्षा जास्त असतील तर दुसरा प्रशिक्षक शोधा.

4. कुणाला नापास केलंय का? ‘आमच्याकडे सगळे पास होतात’ म्हणणारा माणूस सर्टिफिकेट विकतोय.

5. दिवे बंद करून सराव घेता का? डोळे झाकून दोरी धरून बाहेर येणं, जोडीदाराला हवा देत परतणं, हे आधी जमिनीवर आणि मग पाण्यात घोटून घेतलं पाहिजे.

6. हवेचं गणित काय शिकवता? एक तृतीयांश जाताना, एक तृतीयांश येताना आणि एक तृतीयांश राखीव. म्हणजे सिलिंडरमध्ये 210 बार दाब असेल तर 140 वर आला की परत फिरायचं. ‘अजून थोडं पुढे जाऊ’ म्हणणारा प्रशिक्षक नको.

7. मी मध्येच ‘नको’ म्हटलं तर? कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो, हा गुहेतला नियम आहे. यावर जो हसेल, त्याला पैसे देऊ नका.

आणखी एक खूण. अशा लांबच लांब पाण्याच्या गुहा मुख्यतः चुनखडीत तयार होतात. आपल्या बसाल्टमध्ये त्या नाहीत. त्यामुळे पुण्यातल्या पुण्यात, स्विमिंग पूलमध्ये ‘केव्ह डायव्हर’ करून देतो असं कुणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणा.

शिरूर-दौंडचा यात काय संबंध?

संबंध असा, की आपल्याकडेही सगळं पाणी सारखं नसतं. रांजणखळग्यांच्या कडा गुळगुळीत असतात, धरायला काही नाही. दौंडकडे भीमेत वाळूउपशाने पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत. विहिरीत तळाला गाळ असतो, मोटारीच्या केबल असतात. कुणी बुडालं की आपण गावातल्या पट्टीच्या पोहणाऱ्याला हाक मारतो आणि तो बिचारा दोरी बांधून उतरतो.

मे 2024 मध्ये अकोले तालुक्यातल्या सुगावला प्रवरेत बुडालेल्या तरुणांना शोधताना एसडीआरएफची बोट उलटली आणि तीन जवान गेले. ते तर प्रशिक्षित होते. मग गावातल्या पोराला, केवळ त्याला पोहता येतं म्हणून, गढूळ पाण्यात तळाशी पाठवणं किती धोक्याचं आहे, याचा विचार करा. अशा वेळी आधी 112 ला फोन करा आणि तहसील कार्यालयाला कळवा. एनडीआरएफची 5 वी बटालियन आपल्याच जिल्ह्यात, मावळातल्या सुदुंबरे इथे आहे.

आणि केव्ह डायव्हिंग शिकायचंच असेल तर घाई करू नका. ओपन वॉटर करा, समुद्रात भरपूर डाइव्ह करा, मग कॅव्हर्नचा विचार करा. वरचे सात प्रश्न मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा आणि पैसे भरण्याआधी विचारा.